संभाव्य खेळाडू चांदपाशा

हसनाबादेत पिंजाऱ्यांची चार घरं. मशिदीच्या अंगाचं शेवटचं घर गुलाम नबीचं. दिवाळी सरली की त्याच्या ओट्यावर जुन्या गाद्या-रजयांचा ढीग लागायचा आणि थंडी संपेपर्यंत कापूस पिंजायच्या धनुकलीचा, पिंजणाच्या ताणलेल्या तातीचा आवाज गल्लीत घुमत राहायचा. गुलाम नबी एका हातानं पिंजण तोलायचा आणि दुसऱ्या हातानं तातीवर लाकडी ठोका मारायचा. दबून दगड झालेला कापूस बघता बघता फुलून यायचा. त्याचा थोरला पोरगा चांदपाशा दहाव्या वर्षापासून त्याच्या शेजारी बसला. पोरगा डावखुरा होता. पंधराव्या वर्षी त्याचा डावा खांदा मोठ्या माणसाच्या खांद्यासारखा भरला, उजवा मात्र पोराचाच राहिला. सदरा शिवताना शिंप्याला दोन्ही बाह्यांची मापं वेगवेगळी घ्यावी लागायची.

त्या खांद्यानं तो चेंडू टाकायला लागला तेव्हा गावात त्याच्यासमोर उभं राहायला कुणी तयार होईना. नदीकाठच्या रानात पोरं खेळायची. त्याच्या चेंडूला यष्टीमागं थांबायचं धाडस एकट्या धर्मराजनं केलं. धर्मराज शेतकऱ्याचा पोरगा, चांदपाशाहून पाच-सहा वर्षांनी मोठा, तरी त्याचा दोस्त. पोत्याचा तरट हाताला गुंडाळून तो वीस पावलं मागं उभा राहायचा, तरी संध्याकाळी त्याचे तळवे सुजलेले असायचे. घरी विचारलं तर औत धरलं म्हणून सांगायचा.

एक्क्याऐंशी साली जालना वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या, आणि पुढं जिल्ह्याचा म्हणून क्रिकेटचा एक संघही उभा राहिला. आधी औरंगाबादच्या पोरांच्या गर्दीत हसनाबादच्या पिंजाऱ्याच्या पोराला कुणी विचारलं नसतं. पंच्याऐंशीत जालन्याला निवड चाचणी असल्याचं धर्मराजला कळलं. तो चांदपाशाला एसटीत घालून घेऊन गेला. सव्वाशे पोरं आली होती. चांदपाशानं सहा चेंडू टाकले, आणि सातवा टाकायच्या आधीच निवड करणाऱ्यांनी त्याचं नाव विचारून घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांच्या सामन्यांत त्यानं एका डावात सात गडी काढले. आणि एक दिवस धर्मराज वर्तमानपत्र घेऊन पळत ओट्यावर आला. एकोणीस वर्षांखालच्या राज्य संघाच्या संभाव्य खेळाडूंची यादी होती. चाळीस नावं. एकतिसावं नाव, चांदपाशा गुलाम नबी, जालना.

गुलाम नबीला उर्दू यायची, मराठी अक्षर लागत नव्हतं. त्यानं ते नाव धर्मराजकडून तीनदा वाचून घेतलं आणि त्यावर बोट ठेवून विचारलं, संभाव्य म्हणजे काय? धर्मराजनं सांगितलं, चाचा, म्हणजे आता झाल्यातच जमा. चांदपाशानंही त्याचा अर्थ तोच धरला.

पुण्याच्या शिबिरात पहिल्याच दिवशी त्याला एक गोष्ट कळली, पण ती त्यानं लगेच स्वतःला कबूल केली नाही. हसनाबादेत त्याच्यासारखा वेगवान दुसरा नव्हता. जालन्यात नव्हता. औरंगाबादेत त्याच्या जोडीचे दोघं होते. इथं वेगवान टाकणारे अकरा होते, त्यातले तीन डावखुरे. त्याचा चौथा चेंडू सोलापूरच्या एका बारक्या पोरानं त्याच्या बाजूनं सरळ सीमेकडं लावला आणि वर हसून म्हणाला, मस्त होता हां चेंडू. गावाकडं त्याच्या चेंडूला लोक मागं सरकायचे. इथं कुणी सरकत नव्हतं.

स्टेडियमच्या सामानखोलीचं काम अण्णासाहेब नावाचा एक म्हातारा बघायचा. पॅड, दोऱ्या, जाळ्या, सगळं त्याच्या ताब्यात. खोलीबाहेरच्या भिंतीवर मागच्या शिबिरांचे फोटो ओळीनं टांगलेले होते. एकदा चांदपाशा जाळी परत करायला गेला आणि फोटो बघत उभा राहिला.

"हे ब्याऐंशीचं," अण्णासाहेब म्हणाला. "अडतीस पोरं आहेत. हा बघ, हा रणजी खेळला. दोन सामने."

"आन् ह्याच्यातला?" चांदपाशानं शेजारच्या फोटोकडं बोट केलं.

"त्यातला कुणी नाही. त्याच्या पलीकडच्यातला एक खेळला, वर्षभर टिकला."

"बाकीचे काय करून राह्यले?"

"मला काय ठाऊक, बाळा. फोटो काढून झाला की जातात."

म्हातारा हे दरवर्षी दरेक पोराला सांगायचा. त्यात त्याचा काही डाव नव्हता, पोरांना माहीत असावं इतकंच. पोरंही नीट ऐकून घ्यायची. चाळिसातला एक म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं एकच जण यायचा, तो स्वतः. चांदपाशा त्या भिंतीपुढून परतला तेव्हा त्याला बाकीच्या एकोणचाळीस जणांची खरोखर कीव आली होती.

त्या वर्षी चाळिसाचे पंचवीस केले तेव्हा तो राहिला, पंचविसाचे सोळा केले तेव्हा गळाला. वय उलटलं आणि मग मोठ्यांच्या शिबिराला बोलावणं आलं. असं सहा वर्षं चाललं. पुण्यातच एका क्लबात राहायची सोय झाली. पहाटे खेळपट्टीवर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, दिवसा क्लबच्या फलंदाजांना चेंडू टाकायचे, रविवारी सामने खेळायचे. कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं. हिवाळ्यात, घरी गाद्यांचा ढीग लागलेला असताना, तो नेमका पुण्यात असायचा. गुलाम नबी एकटाच पिंजायचा. कापसाची धूळ छातीत जाऊन त्याला खोकला लागला, पण पोराला लिहायच्या पत्रात त्यानं त्याचा उल्लेख कधी केला नाही. पत्र तो उर्दूत लिहायचा, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न असायचा. यादीत नाव आलं का?

नाव यायचं. संभाव्यांत यायचंच. चांदपाशा वाईट टाकत नव्हता, ही खरी अडचण होती. वाईट टाकत असता तर दोन वर्षांत घरी आला असता. पण तो संघात बसेल इतका चांगला नव्हता आणि काढून टाकावा इतका वाईटही नव्हता. निवड करणारे पाठीवर हात ठेवून म्हणायचे, मेहनत चालू ठेव. तो चालू ठेवायचा.

नव्वद सालच्या हंगामात संघातल्या डावखुऱ्याचा घोटा दुखावला आणि चांदपाशाला बोलावणं आलं. गुजरातेत रणजीचा सामना होता. पंधरा जणांत तो होता. अकरांत नव्हता. सामना संपेपर्यंत तो मंडपात बसला, पाण्याच्या बाटल्या घेऊन आत-बाहेर करत राहिला. दुसऱ्या दिवशी एकाच्या पोटात दुखायला लागलं म्हणून बदली क्षेत्ररक्षक म्हणून त्याला आत पाठवलं. तो अकरा षटकं मैदानावर होता. चार वेळा चेंडू त्याच्याकडं आला. चारही वेळा त्यानं तो उचलून यष्टिरक्षकाकडं नीट फेकला. मग आजारी माणूस बरा झाला आणि चांदपाशा बाहेर आला.

तिकडून तो आधी पत्र टाकून थेट गावी गेला, बापाला भेटायला. पंधरा जणांची नावं वर्तमानपत्रात येऊन गेली होती, हे त्याला माहीत नव्हतं. एसटीतून उतरला तर स्टँडवर हलगी वाजत होती. धर्मराजनं हार आणला होता. शाळेची पोरं होती, तालमीतली माणसं होती, आणि सगळ्यांपुढं गुलाम नबी, स्वतःच्या लग्नातली शेरवानी घालून. शेरवानी आता खांद्यावर ढिली पडत होती. हलगी थांबली तसा तो पुढं आला.

"मैदान में उतरा था?"

"हौ, अब्बा," चांदपाशा म्हणाला.

हे खोटं नव्हतं. पण गुलाम नबी मागं वळून लोकांना काय सांगून राह्यलाय हे तो ऐकत होता, आणि त्यानं ते अडवलं नाही. पुढच्या हंगामात खेळूच, मग हे खरंच होईल, असं त्याला वाटलं.

पुढच्या हंगामात संभाव्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. पत्र नाही, निरोप नाही. क्लबात सकाळी वर्तमानपत्र आलं, त्यानं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, आणि रूळ फिरवायला गेला.

तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत राखीव जागा असतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून शिबिरांची सहा प्रमाणपत्रं घेऊन तो एका कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं ती एकेक करून शांतपणे वाचली. माणूस भला होता. त्यानं विचारलं, यात सगळीकडं संभाव्य लिहिलंय, खेळल्याचं एखादं आहे का? चांदपाशानं गुजरातच्या सामन्याचं सांगितलं. कारकून म्हणाला, अकरांत होता का तुम्ही? मग प्रमाणपत्रं एकावर एक नीट रचून त्यानं परत दिली आणि पाणी पिणार का म्हणून विचारलं.

चांदपाशा हसनाबादेत परत आला आणि बापाच्या जागी ओट्यावर बसला. डाव्या हातानं ठोका मारायला लागला. गावात त्यानं सांगितलं की खांदा दुखतोय म्हणून सोडलं. खांदा दुखत नव्हता. पुढं अंबडच्या बद्रुन्निसाशी त्याचं लग्न झालं. तिनं त्याला चेंडू टाकताना कधी पाहिलं नाही. शहाण्णवला त्यानं विजेवरचं पिंजायचं यंत्र आणलं, कारण हातानं पिंजलेली गादी कुणी मागेना. स्पंजच्या गाद्या भोकरदनच्या दुकानांतून दिसायला लागल्या होत्या. तरी लग्नसराईत काम पुरायचं.

गुलाम नबीला आता काम होत नव्हतं. तो सकाळी चहा पिऊन चौकातल्या हॉटेलावर जाऊन बसायचा आणि आल्यागेल्याला पोराच्या सामन्याची गोष्ट सांगायचा. पहिल्या वर्षी गोष्ट एवढीच होती की पोरगा रणजी खेळला. दोन वर्षांनी त्यात दोन गडी आले. नव्व्याण्णवपर्यंत पाच गडी झाले होते, आणि कुठल्याशा नामी फलंदाजाची मधली यष्टी उडून पडली होती. चांदपाशा चौकातून जाताना ते ऐकायचा. म्हाताऱ्याचा खोकला गोष्ट सांगताना कमी व्हायचा, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तो सायकलचा वेग न बदलता पुढं निघून जायचा.

दोन हजार एकच्या जानेवारीत गावात मोठे सामने भरले. शेवटच्या दिवशी बक्षिसं वाटायला पाहुणे म्हणून चांदपाशाला बोलावलं. आदल्या दिवशी दुपारी धर्मराज त्याच्या ओट्यावर आला. तो आता गावातला बरा कास्तकार होता. त्याच्या पोराला दहावीत चांगले गुण पडले होते आणि जालन्याच्या तंत्रनिकेतनात डिप्लोमाला जागा मिळाली होती. पोरगा फलंदाजी बरी करायचा.

"कॉलेजातून नाव काढून घेऊन राह्यलो त्याचं," धर्मराज म्हणाला. "पुण्याला ठेवतो. निवड झाली त्याची, जिल्ह्यातून."

चांदपाशानं यंत्र बंद केलं. "डिप्लोमा कशापायी सोडतो? तो करू दे, खेळू दे सोबत."

"दोन्ही होत न्हाई. तूच सोडलं व्हतं ना कॉलेज? मंग? तू पोचलास की न्हाई?"

"मी न्हाई पोचलो, धर्मराज."

"आता काय सांगतो. रणजी खेळलास तू."

"न्हाई खेळलो. पाणी देत व्हतो. अकरा षटकं दुसऱ्याच्या जागी उभा राह्यलो, बस."

धर्मराज हसला. त्याला वाटलं, हा मोठेपणा नको म्हणून बोलतोय. चांदपाशानं त्याला सगळं सांगितलं. चाळीस पोरं, भिंतीवरचे फोटो, कचेरीतला कारकून. ऐकता ऐकता धर्मराजचं हसू गेलं, पण त्याच्या जागी जे आलं ते चांदपाशाला नको होतं.

"तुला आमचं पोरगं पुढं गेलेलं बघवंना का?" तो म्हणाला. "दहा वर्षं गप बसला, आन् आजच आठवलं?"

त्याचे तळवे एके काळी कशानं सुजायचे हे चांदपाशाला आठवलं. धर्मराज चप्पल घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मंडप होता. गुलाम नबीला पहिल्या ओळीत खुर्ची दिली होती. धर्मराज मागं उभा होता, पोरगा त्याच्या शेजारी. निवेदन करणाऱ्या मास्तरांनी सांगितलं, आपल्या तालुक्याची शान, रणजीपटू चांदपाशाभाई दोन शब्द बोलतील. टाळ्या वाजल्या. चांदपाशा उभा राहिला आणि जे काल ओट्यावर सांगितलं तेच त्यानं माईकवर सांगितलं. मी रणजी खेळलो नाही. मी संभाव्य होतो, सहा वर्षं. माझ्यासोबत दर वर्षी तीस-चाळीस जण होते, त्यातले दोघं-तिघं खेळले. बाकीचे माझ्यासारखेच. खेळा, पण शाळा सोडू नका. एवढं बोलून तो खाली बसला.

मग अध्यक्ष उठले आणि म्हणाले, केवढा हा विनय. पुन्हा टाळ्या वाजल्या. चांदपाशानं बापाकडं पाहिलं. गुलाम नबी खुर्चीच्या दांड्याला धरून उठत होता. उभा राहिला, काठी घेतली, आणि मंडपातून बाहेर पडून घराच्या वाटेला लागला. लोक त्याला वाट देत होते.

चांदपाशा घरी गेला तेव्हा म्हातारा बाजेवर बसला होता. बद्रुन्निसानं ठेवलेला चहा तसाच होता.

"किसने पूछा था तेरेकू?" गुलाम नबी म्हणाला.

चांदपाशानं धर्मराजच्या पोराचं सांगितलं. त्याचं वर्ष जाईल, वर्षं जातील, कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. म्हाताऱ्यानं ते पुरं ऐकून घेतलं.

"उसका बच्चा था, वो देख लेता," तो म्हणाला. "मेरे पास एकीच बात थी."

त्यानंतर तो चौकातल्या हॉटेलावर गेला नाही. हॉटेलवाला दोनदा बोलवायला आला, तर त्यानं पाय दुखतात म्हणून सांगितलं. ओट्यावर बसून तो यंत्रातून निघणारा कापूस बघायचा. चांदपाशाशी बोलायचा, नाही असं नाही. नातवंडांचं बोलायचा, पावसाचं बोलायचा, तातीचं पिंजण माळ्यावर नीट ठेवलंय का विचारायचा. क्रिकेटचा शब्द त्यानं पुन्हा काढला नाही. चांदपाशाला वाटायचं, त्यानं रागवावं, विचारावं, की इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस. त्या प्रश्नाचं उत्तर त्यानं मनात तयार करून ठेवलं होतं. म्हाताऱ्यानं ते कधी मागितलं नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात गुलाम नबी गेला. दोन दिवस श्वास लागला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी थांबला. दफनाला सगळं गाव आलं, आसपासच्या खेड्यांतले पिंजारी आले. कब्रस्तानातून परतताना राजूरचा एक पाहुणा दुसऱ्याला सांगत होता, हे त्यांचे थोरले, रणजी खेळलेले. मंडपातलं भाषण हसनाबादचे लोक कधीच विसरून गेले होते. त्यांच्या लेखी चांदपाशा खेळला होता आणि वर नम्रही होता. ते भाषण खरं मानणारा सगळ्या गावात एकच माणूस निघाला होता, आणि त्याला नुकती माती देऊन ते येत होते. चांदपाशा मान खाली घालून चालत राहिला.

धर्मराजनं पोराला पुण्याला पाठवलं होतंच. तेव्हापासून तो चांदपाशाच्या ओट्यावर आला नव्हता. मयतीला आला, खांदा देऊन गेला, बोलणं झालं नाही. दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर तो बैलगाडीत कापूस घालून आला. पोरीचं लग्न ठरलं होतं, चार गाद्या भरायच्या होत्या. कापूस उतरवला, मापं ठरली, कापड कोणतं लावायचं ते ठरलं. तरी तो उठेना. बद्रुन्निसानं चहा आणून ठेवला.

"पोरगं आलंय," धर्मराज म्हणाला.

"कधी?"

"झाले चार दिवस. त्याला काढून टाकलं व्हतं उन्हाळ्यातच. सहा महिने तसंच राह्यलं तिथं. मला पत्र लिहायचं, सराव चालू हाय म्हणून." त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "मी तिकडं गेल्तो, तवा कळलं."

चांदपाशानं कापसात हात घातला. कापूस या वर्षीचा होता, चांगला होता. धर्मराजला जे म्हणता आलं असतं ते सगळं त्याच्या मनात आलं आणि त्यातलं एकही वाक्य त्याला बोलावंसं वाटलं नाही. उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत पुण्यात ते पोरगं सकाळी उठून कुठं जात असेल, हे त्याला न सांगता ठाऊक होतं.

"त्याला काही विचारू नको," तो म्हणाला. "बसू दे घरात थोडे दिवस."

"लोक विचारून राह्यले."

"खेळला म्हणून सांगू नको. तेवढं करू नको."

"मंग काय सांगू?"

चांदपाशा उठला, यंत्र सुरू केलं आणि कापसाची पहिली ओंजळ आत सारली. धर्मराजनं बाह्या मागं सारल्या आणि गाडीजवळच्या ढिगातून एकेक कवळ उचलून त्याच्या हाताशी आणून द्यायला लागला. चारही गाद्यांचा कापूस पिंजून होईपर्यंत तो देत राहिला.